गिटारचा ध्वनिवर्धक आणि ऐकणाऱ्याचा कान

सुरत हे मागांचे शहर आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील हजारो मराठी कुटुंबे ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने गेल्या कित्येक दशकांत तेथे गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून स्थायिक झाली. दिवसपाळी असो की रातपाळी, तेथील यंत्रमाग थांबत नाहीत. या कष्टाच्या आयुष्यात विसावा मिळतो तो सणासुदीला. भाद्रपदात गणपती, आश्विनात गरबा, पुढे लग्नसराई आणि नाताळ! या साऱ्या प्रसंगी आता वाद्यवृंद असतो, आणि वाद्यवृंदात गिटार हटकून असते.

गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशी एक चौकोनी पेटी ठेवलेली असते. तिच्या कपाळावर पाचसात फिरती बटणे असतात, एक लहानसा लाल दिवा असतो, आणि पुढील बाजूस कापडाची जाळी असते. हाच तो गिटारचा ध्वनिवर्धक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ॲम्प्लिफायर. त्याची बटणे सगळेच फिरवितात. परंतु कोणते बटण नेमके काय करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मग आवाज चांगला लागत नसला, की एकच उपाय केला जातो. तो म्हणजे आवाज वाढविणे! हा उपाय बहुधा चुकीचा असतो, आणि सुरतेसारख्या शहरात तो विशेष महाग पडतो. तो का, हे कळण्यासाठी प्रथम ही पेटी आतून समजून घेतली पाहिजे.

आरंभ तारेपासून करू. विजेच्या गिटारची तार पोलादाची असते. तिच्याखाली लहानसे लोहचुंबक बसविलेले असते, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार छेडली, की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण अशी वीज उत्पन्न होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज उत्पन्न होते हा सिद्धांत मायकेल फॅरडे याने १८३१ साली सिद्ध केला होता. तो वाद्याच्या कामी यावयास मात्र शंभर वर्षे जावी लागली. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत विजेचे पहिले यशस्वी गिटार तयार झाले. ते मांडीवर आडवे ठेवून, तारेवर पोलादी कांडी सरकवून वाजवावयाचे, म्हणजे हवाईयन पद्धतीचे गिटार होते. याच पद्धतीच्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी राग वाजविले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी वाजविलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली आणि घरोघरी पोचली. मिरवणुकीत वाजणाऱ्या बँजोचे कुळही असेच दूरचे आहे. जपानमधील नागोया शहरात १९१२ साली निघालेले ‘तायशोगोतो’ हे वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, आणि पुढे पिकअप लावून तोच आपला मिरवणुकीतला बँजो झाला. तेव्हा येथे गिटारविषयी जे सांगावयाचे, ते बहुतेक सगळे बँजोलाही लागू आहे.

पिकअपमधून निघणारी वीज किती असते? साधारणपणे एका व्होल्टचा दहावा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढ्याशा विजेने स्पीकरचा पडदा हलणे शक्य नाही. ध्वनिवर्धकाचे काम हे, की या क्षीण विजेचा आकार जसाच्या तसा ठेवून तिला बळ द्यावयाचे. पण हे बळ येते कोठून? ते तारेतून येत नाही आणि वादकाच्या बोटांतूनही येत नाही. ते भिंतीवरील सॉकेटमधून येते. येथे सुरतकरांना उकाई धरणाचा दाखला सहज पटेल. धरणाचे दार उघडणाऱ्या माणसाच्या हातात पाण्याचा जोर नसतो. जोर असतो साठलेल्या पाण्याचा. तो माणूस केवळ दार किती उघडावयाचे, एवढेच ठरवितो. ध्वनिवर्धकात साठलेले पाणी म्हणजे घरातली वीज, आणि दार खालीवर करणारा हात म्हणजे गिटारकडून आलेला तो क्षीण तरंग.

हे दार प्रथम बनविले ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने, १९०६ साली. निर्वात केलेल्या काचेच्या नळीत त्याने तारेची एक लहानशी जाळी बसविली. जाळीवरील विजेत किंचित फरक झाला, की नळीतून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहात मोठा फरक होई. हाच व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत जे तांबूस उजेड देणारे दिवे दिसत, ते हेच. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात १९६१ पासून असे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि बहुतेक सगळ्या यंत्रांतून व्हॉल्व्ह हळूहळू हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना अजून सोडलेले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आता पेटीच्या कपाळाकडे वळू. डावीकडून पहिले येते ते भोक, जेथे गिटारची वायर लावतात. ते साधे वाटते. पण पुष्कळ घोटाळा येथेच सुरू होतो. गिटारचा पिकअप हा मोठा नाजूक कारागीर आहे. त्याच्यावर ओझे टाकले, की तो मलूल होतो. म्हणून गिटारच्या ध्वनिवर्धकाचे प्रवेशद्वार असे केलेले असते, की ते पिकअपकडून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्याचा विरोध बहुधा दहा लाख ओहम असतो. सभेतल्या भाषणासाठी जो ध्वनिवर्धक वापरतात, त्याचे माइकचे भोक निराळे असते. त्याचा विरोध पुष्कळच कमी असतो. मंडळाकडे गिटारचा वेगळा ध्वनिवर्धक नसला, की पुष्कळदा गिटारची वायर सरळ माइकच्या भोकात घालतात. मग आवाज मळकट आणि बोदा येतो, तारेची चमक नाहीशी होते, आणि सर्व दोष बिचाऱ्या वादकाच्या माथी येतो. यावर उपाय साधा आहे. मध्ये जोडावयाची एक लहान डबी मिळते. ती डीआय या नावाने बाजारात ठाऊक आहे. तिने पिकअपवरचे ओझे उतरते. वायरही जाळीचे वेष्टण असलेली हवी; साधी वायर आसपासच्या दिव्यांची आणि मोटारींची गुणगुण गोळा करते.

यानंतरचे बटण गेन. सर्वांत अधिक गैरसमज असलेले बटण हेच. गेन आणि व्हॉल्यूम या दोहोंनी आवाज वाढतो. म्हणून दोन्ही एकच, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गेन हे पहिल्या टप्प्याचे दार आहे, आणि व्हॉल्यूम, किंवा जेथे मास्टर असे लिहिलेले असते ते बटण, अखेरच्या टप्प्याचे. आलेल्या क्षीण तरंगाला आरंभी किती फुगवावयाचे, हे गेन ठरविते. फुगविण्यास मर्यादा असते. नदीच्या पात्राला जशी वहनक्षमता असते, तशीच प्रत्येक टप्प्याची असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुटलेले पाणी तापीच्या पात्रात मावले नाही, आणि सुरत पाण्याखाली गेली. ते दुःख तेथील लोक विसरलेले नाहीत. ध्वनीचेही असेच होते. पात्रात मावत नाही तो तरंगाचा माथा कापला जातो. गोल टेकडीऐवजी सपाट पठार उरते. कानाला हे कापलेपण खरखरीत, करकरीत लागते. कारण मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वर त्यात नव्याने मिसळतात.

गंमत अशी, की गिटारवाल्यांना हीच करकर हवीहवीशी वाटते. कापलेला स्वर अधिक वेळ टिकतो, धारदार होतो, आणि एकट्या गिटारला सनईसारखी लांबण देतो. व्हॉल्व्हमध्ये तरंगाचा माथा एकदम न कापता थोडा वळणाने कापला जातो, म्हणून ती करकर कानाला गोड लागते. व्हॉल्व्ह अजून टिकून आहे तो याच कारणाने. तेव्हा गिटारचा ध्वनिवर्धक हा निव्वळ निरोप्या नव्हे. तो वाद्याचाच एक भाग आहे. तंबोऱ्याला जसा भोपळा, तशी विजेच्या गिटारला ही पेटी. याच्या उलट गायकाचा आणि वक्त्याचा ध्वनिवर्धक हा निरोप्याच असला पाहिजे. त्याने स्वतःचे एक अक्षरही पदरचे घालता कामा नये. हा भेद विसरून काही ठिकाणी गायकाच्या माइकचाही गेन करकर येईपर्यंत वाढवितात. तेथे अभंगाचा शब्द मरतो.

गेननंतर स्वराची तीन बटणे असतात: बास, मिडल आणि ट्रेबल. म्हणजे मंद्र, मध्य आणि तार, असे म्हणावयास हरकत नाही. तारेची एका सेकंदात जितकी कंपने होतात, त्यावर स्वराची उंची अवलंबून असते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०. पण प्रत्येक स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहस्वरही निघतात, आणि त्यांनीच वाद्याची ओळख पटते. या सहस्वरांपैकी कोणते पुढे जाऊ द्यावयाचे आणि कोणते अडवावयाचे, एवढे या तीन बटणांचे काम असते. जुन्या धाटणीच्या बहुतेक ध्वनिवर्धकांत ही बटणे काहीही वाढवीत नाहीत; केवळ कमी करतात. आत काही कंडेन्सर आणि रेझिस्टर असतात, आणि ते चाळणीसारखे वागतात. म्हणून तिन्ही बटणे शेवटपर्यंत फिरवून ठेवणे यात शहाणपण नाही. भाजीत तिखट, मीठ आणि गूळ तिन्ही मूठमूठभर घातल्याने ती तिप्पट रुचकर होत नाही!

मिडल या बटणाकडे सहसा दुर्लक्ष होते. एकट्याने घरी वाजविताना ते कमी ठेवले, तर आवाज गोड आणि भरीव वाटतो. पण वाद्यवृंदात ढोलकी आणि बास-गिटार मंद्र भाग व्यापतात, झांजा तार भाग व्यापतात. तेथे गिटारने मध्यभाग सोडला, तर ते कोणालाच ऐकू येत नाही. मग वादक आवाज वाढवितो, त्याला पाहून कीबोर्डवाला वाढवितो, आणि गाणारा घसा फोडून ओरडू लागतो. जेथे मिडल किंचित वाढविण्याने काम झाले असते, तेथे सगळा मंच एकमेकांवर कुरघोडी करू लागतो. काही ध्वनिवर्धकांवर प्रेझेन्स नावाचे आणखी एक बटण असते. ते अखेरच्या टप्प्यात अगदी वरच्या सहस्वरांवर काम करते. त्याने वाद्य श्रोत्याच्या जवळ आल्यासारखे वाटते. अति झाले तर मात्र कानात टोचते. रिव्हर्ब हे बटण घुमाऱ्यासाठी असते. पुष्कळ ध्वनिवर्धकांत त्यासाठी पेटीच्या तळाशी खरोखरीच्या स्प्रिंगा ताणून बसविलेल्या असतात. स्वर त्यांतून फिरून थोडा उशिरा बाहेर येतो, आणि मोठ्या दालनात वाजविल्याचा भास होतो. जेथे मुळातच पत्र्याचे छप्पर आणि समोर भिंत आहे, तेथे हे बटण शून्यावर असणेच बरे.

यापुढे येतो शक्तीचा टप्पा, आणि त्याबरोबर वॉटचा हिशोब. मंडळाची वर्गणी गोळा झाली, की पहिला प्रश्न असतो, यंदा किती वॉटचा आणावयाचा? गेल्या वर्षी पन्नासचा होता, यंदा शंभरचा आणू. आवाज दुप्पट होईल! हा हिशोब चुकीचा आहे. मनुष्याचा कान वाण्याच्या तराजूसारखा सरळ मोजीत नाही. वॉट दुप्पट केले, तर ध्वनीची पातळी अवघे तीन डेसिबेल वाढते, आणि कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा, यासाठी सुमारे दसपट वॉट लागतात. याउलट स्पीकर चांगला निवडला, तर तेच काम फुकटात होते. एखादा स्पीकर एका वॉटला नव्वद डेसिबेल देतो, तर दुसरा तेवढ्याच विजेत शंभर. दुसरा घेतला, तर दहा वॉटचे यंत्र शंभर वॉटच्या बरोबरीला बसते.

स्पीकरचे तत्त्व पिकअपच्या नेमके उलट आहे. तेथे हालचालीने वीज होते, येथे विजेने हालचाल. कागदी शंकूच्या मुळाशी तारेचे वेटोळे असते, आणि ते चुंबकाच्या खाचेत मागेपुढे हलते. राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली बनविलेल्या नमुन्याचीच ही वंशावळ आहे. स्पीकरवर चार, आठ किंवा सोळा ओहम असा आकडा लिहिलेला असतो. ध्वनिवर्धकाच्या पाठीवरही तो असतो, आणि दोहोंची जोडी जुळली पाहिजे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक तर स्पीकर जोडल्यावाचून कधीही चालू करू नये. त्याने आतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. परंतु ध्वनीचा प्रवास स्पीकरपाशी संपत नाही. तो कानापाशी संपतो. आणि सुरतेतील कानाची कथा निराळी आहे.

यंत्रमागांच्या खोलीत धोट्याच्या आणि दातेऱ्यांच्या आदळआपटीने आवाज शंभर डेसिबेलच्या आसपास जातो. पंचाऐंशी डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कानाची सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. या हिशोबाने शंभर डेसिबेलमध्ये कानाला पंधरा मिनिटे परवडतात. आणि सुरतेतील मागवाल्याची पाळी पुष्कळदा बारा तासांची असते. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर स्त्रिया परस्परांचे बोलणे ओठांवरून ओळखीत, असे प्रसिद्ध आहे. ती त्यांची हौस नव्हती. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचाही समावेश होता.

हा बहिरेपणा एका विशिष्ट वाटेने येतो. तो सर्व स्वरांवर सारखा पडत नाही. प्रथम सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासची जागा जाते. मंद्र स्वर चांगले ऐकू येत असतात, म्हणून मनुष्याला आपण बहिरे होत आहोत हे कळतच नाही. आता भाषेकडे पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या कंपनांचे आहेत. पण स, श, क, त, थ, फ या व्यंजनांची धार वरच्या कंपनांत असते. ती धार गेली, की बोलणे ऐकू येते पण समजत नाही. ‘साथ’ की ‘हात’, ‘काका’ की ‘टाटा’, हे चेहऱ्यावरून ओळखावे लागते. घरातली माणसे म्हणतात, याचे लक्ष नसते. लक्ष असते, व्यंजने नसतात.

अशा श्रोत्यापुढे आवाज वाढविला, तर काय होते? मंद्र भाग, जो त्याला आधीच ऐकू येतो, तो आणखी मोठा होतो, आणि उरलेल्या व्यंजनांना झाकून टाकतो. त्याला गाणे अधिक मोठे ऐकू येते, अधिक स्पष्ट मात्र येत नाही. त्याच्याजवळ बसलेल्या लहान मुलाच्या धडधाकट कानाला इजा होते, ती निराळीच. म्हणूनच सुरतेत आवाज वाढविण्याचा उपाय विशेष महाग पडतो, असे आरंभी म्हटले. खरा उपाय असा, की बास थोडा उतरवावा, मिडल योग्य जागी आणावा, घुमारा काढून टाकावा, आणि एकूण आवाज आहे तेथेच राहू द्यावा. शब्द आपोआप वर येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बारा तास मागावर उभे राहिल्यावर कान काही काळ बधिर होतो. शांत झोप मिळाली, तर त्यातील बराचसा बधिरपणा सकाळपर्यंत ओसरतो. आता, पाळी संपवून तडक मांडवात आलेला उत्साही तरुण जर ध्वनिवर्धकापाशी बसला, तर तो आपल्या कानाला बरे वाटेपर्यंत बटण फिरविणार. त्याच्या कानाला बरे, म्हणजे इतरांना असह्य. यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातातील मापच त्या वेळी खोटे असते. तेव्हा मंडळांनी एक साधा नियम करावा. सुटीच्या दिवशी सकाळी, विश्रांती घेतलेल्या दोघातिघांनी मांडवाच्या निरनिराळ्या जागी उभे राहून आवाज जुळवावा, आणि प्रत्येक बटणाशेजारी खडूने खूण करावी. संध्याकाळी गर्दी झाली, की थोडासा फरक करावा लागतो, कारण माणसांची अंगे आणि कपडे ध्वनी शोषून घेतात. पण खुणेपासून फार दूर जाऊ नये.

स्पीकर कोठे ठेवावा, यालाही हिशोब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की सुमारे सहा डेसिबेल कमी होतात. एका मीटरवर ११० डेसिबेल असतील, तर दोन मीटरवर १०४, चारवर ९८, आणि सोळा मीटरवर ८६. म्हणजे मागच्या रांगेला पुरेसे ऐकविण्यासाठी एकच मोठा स्पीकर जमिनीवर ठेवला, तर पुढे बसलेल्या बालगोपाळांच्या कानांवर जवळजवळ यंत्रमागच सुरू होतो. त्याऐवजी दोन लहान स्पीकर उंचावर, एक पुढे आणि एक मध्यावर, असे लावले तर सर्वांना सारखे ऐकू येते, आणि एकूण आवाज कमी लागतो. माइक नेहमी स्पीकरच्या मागे असावा. नाही तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो, आणि ती परिचित कर्कश शिट्टी वाजू लागते.

कायद्याचेही या विषयाशी नाते आहे. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. ठराविक सणांना, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या आपल्या निकालात या निर्बंधांना बळकटी दिली. पुष्कळांना हे नियम उत्सवाचे वैरी वाटतात. परंतु त्याच गल्लीत, त्याच रांगेतील खोलीत, रातपाळी करून आलेला किंवा पहाटेच्या पाळीला जावयाचा एखादा माणूस निजलेला असतो. त्याच्या कानाला मिळणारी ती सहासात तासांची शांतता हेच त्याचे औषध असते. ते औषध हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही वॉटला नाही.

अखेरीस जिवाच्या सुरक्षिततेविषयी दोन शब्द. भाद्रपदातला मांडव म्हणजे ओली जमीन आणि गळके कापड. तीन टाचांच्या प्लगातील मोठी टाच ही अर्थिंगची असते. ती सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून मोडून टाकणे, किंवा दोन उघड्या तारा काडीने खोचणे, हे मृत्यूला आवतण देणे होय. गिटारवाल्याच्या बोटांखाली पोलादी तारा असतात, आणि ओठांशी माइक. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग बिघडले, तर दोहोंमधला मार्ग त्याच्या छातीतून जातो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून भर मंचावर मरण पावला. फ्यूज उडाला, तर तेवढ्याच आकड्याचा लावावा. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नये. फ्यूज उडतो तो यंत्र वाचविण्यासाठी. आणि पेटी उघडून आत हात घालण्याचे काम जाणत्या कारागिराचेच. व्हॉल्व्हच्या यंत्रातील कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्टची वीज साठून राहू शकते.

कार्यक्रम सुरू करण्याचा क्रमही सांगून ठेवण्याजोगा आहे. प्रथम सर्व आवाजाची बटणे शून्यावर आणावीत. मग गिटारची वायर लावावी, आणि त्यानंतरच यंत्र चालू करावे. बास, मिडल, ट्रेबल ही तिन्ही मध्यावर ठेवावीत. गेन हळूहळू वाढवून स्वर स्वच्छ राहतो तेथे थांबावे. करकर हवी असली तर त्यापुढे जावे, पण ती गायकाच्या नव्हे, गिटारच्या यंत्रावर. मास्टर सर्वांत शेवटी उघडावे. मग वादकाने मंचावरून उतरून, मांडवाच्या टोकाशी बसलेल्या एखाद्या वयस्क मागवाल्याला एवढेच विचारावे: “काका, शब्द कळतात का?” आवाज पोचतो का, हे विचारू नये, आवाज तर पोचतोच. त्यांनी शब्द कळत नाहीत असे सांगितले, तर बास उतरवावा, आणि पुन्हा विचारावे. ते होय म्हणाले, की त्या जागी खडूची खूण करावी, आणि गाणे सुरू करावे.